कंट्रोल लेनमधला बँड

वेस्टर्न ब्लॉटचं (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून अँटीबॉडीनं ओळखायची पद्धत) चित्र स्क्रीनवर आलं आणि लगेच निकाल लागला: अँटीबॉडी खराब. प्रयोग फॉस्फो-ईआरकेचा, म्हणजे फॉस्फेट लागून सक्रिय झालेल्या ईआरके या पेशीतल्या संदेशवाहक प्रथिनाचा. ईजीएफ (ईआरकेला सक्रिय करणारा वाढ-घटक) दिलेल्या पेशींच्या लेनमध्ये ४४ आणि ४२ किलोडाल्टनला, म्हणजे ईआरके१ आणि ईआरके२चा, जोडबँड, तो यायलाच हवा. पण रात्रभर सीरमविना ठेवलेल्या, ईजीएफ न दिलेल्या पेशींच्या लेनमध्येही तोच जोडबँड, जरासा फिका. टोटल ईआरके (फॉस्फेट असलेलं-नसलेलं सगळं) सगळीकडे सारखं.

ही अँटीबॉडी ईआरके१ला थ्रिओनिन २०२ आणि टायरोसिन २०४वर फॉस्फेट असेल तरच धरते. ईआरके२मध्ये त्याच जागांचे क्रमांक १८५ आणि १८७. फॉस्फेटविना धरत असेल तर ती निरुपयोगीच. ते तपासायला लायसेटवर (पेशी फोडून केलेल्या अर्कावर) लॅम्डा फॉस्फटेज हे फॉस्फेट काढणारं एन्झाइम चालवलेलं होतं. बँड जसाच्या तसा. पुरवठादाराला तक्रार लिहायची तयारीही झाली.

त्याआधी लायसिस बफरची, म्हणजे पेशी फोडायच्या द्रावणाची, कृती मागवली. त्यात ५ मिलिमोलर ईडीटीए आणि १ मिलिमोलर सोडियम ऑर्थोव्हॅनेडेट! लॅम्डा फॉस्फटेजला मँगनीज लागतं. ते १ मिलिमोलर घातलं, तरी एवढं ईडीटीए ते बांधून टाकतं. एन्झाइमचं उरलंसुरलं काम व्हॅनेडेट रोखतं. फॉस्फेट टिकवण्यासाठी बनवलेल्या बफरमध्ये फॉस्फेट काढणारं एन्झाइम घालायचं आणि ते चाललं नाही म्हणून अँटीबॉडीला दोष द्यायचा, हे फार सर्रास चालतं.

मग त्याच पेशींचं लायसेट दोन्ही घटक वगळून केलं. प्रोटिएज इनहिबिटर घेतला तोही ईडीटीएविना. मँगनीज, एन्झाइम, ३० अंशांवर अर्धा तास. शेजारी एन्झाइम नसलेली पण व्हॅनेडेट घातलेली नळी. नाहीतर पेशीतलीच फॉस्फटेजेस काम करून जातात आणि श्रेय भलत्याला मिळतं. एन्झाइमच्या नळीतला बँड गेला, शेजारचा राहिला. यू०१२६ हा एमईकेचा (ईआरकेला फॉस्फेट लावणाऱ्या एन्झाइमचा) इनहिबिटर १० मायक्रोमोलर, तासभर आधी दिला, तर कंट्रोल लेनही स्वच्छ. टोटल ईआरके मात्र सगळीकडे होतं तसंच.

म्हणजे अँटीबॉडी खरं सांगत होती. कंट्रोलच्या पेशींमध्ये ईआरके सक्रिय होतं. ईजीएफ ताज्या मीडियममधून (पेशी ज्यात वाढवतात त्या द्रवातून) दिलं जात होतं आणि कंट्रोललाही, 'सारखी वागणूक' म्हणून, ताजं मीडियम. सीरम नसलं तरी मीडियम बदलण्याच्या धक्क्यानं ईआरके काही मिनिटांत पेटतं, आणि ईजीएफची वेळही पाचच मिनिटांची. आता मीडियम बदलत नाही: ईजीएफ दहापट तीव्र करून, त्याच डिशमधल्या जुन्या मीडियममध्ये मिसळून, एक दशांश आकारमानानं अलगद सोडायचं. कंट्रोलला तेवढंच जुनं मीडियम, ईजीएफशिवाय. शेवटी डिश थेट बर्फावर, मीडियम ओढून लगेच लायसिस बफर. कंट्रोल लेनमध्ये आता जेमतेम सावली उरते.

डोक्यातून जात नाहीत ते जुने आलेख. कंट्रोलला १ धरून भागाकार केला की पेटलेला कंट्रोल कुठेच दिसत नाही, फक्त 'ईजीएफनं दीडपट वाढ' एवढं उरतं. त्यातले कोणते कंट्रोल ताज्या मीडियमचे होते, हे वहीत कुणी लिहिलेलंच नाही.