हजेरीपटाबाहेर

"सगळ्यांना एकदा मोकळं बोलू द्या, ज्यांना रडायचंय त्यांना रडू द्या, म्हणजे परवापासून काम सुरळीत सुरू होईल."

एचआर-प्रमुखांचा फोन रात्री उशिरा आला, तेव्हा त्यांच्याकडे वेळापत्रकही तयार होतं. वीस-वीस जणांचे गट, प्रत्येक गटाला एक तास, हजेरी सक्तीची, शेवटी कागदावर सही. दुपारी त्यांच्या गोदामात फोर्कलिफ्टच्या धडकेत एक तरुण कामगार जागीच गेला होता. माणूस मनापासून बोलत होता, हे मान्य करायला हवं. त्यांना काहीतरी करायचं होतं, आणि ते केल्याचं कागदावर दिसायलाही हवं होतं. दोन्ही इच्छा खऱ्या होत्या.

मी समुपदेशन मानसशास्त्रज्ञ. मी जाते म्हटलं, पण त्या वेळापत्रकाला नाही म्हटलं. ओळख पटू नये म्हणून पुढचे काही तपशील मी बदलले आहेत, पण त्या दिवसाचा गाभा तोच आहे.

समुपदेशन मानसशास्त्रज्ञ म्हटलं की दोन चित्रं लोकांच्या डोळ्यांसमोर येतात. एक गोड बोलून सल्ला देणारी बाई, नाहीतर गोळ्या लिहून देणारा डॉक्टर. गोळ्या मनोविकारतज्ज्ञ लिहितात, मी नाही. आणि सल्ला तर मी घरच्यांनाही फारसा देत नाही. अपघातानंतर मात्र तिसरंच चित्र पुढे येतं. आत साचलेलं सगळं ताबडतोब बाहेर काढायचं, नाहीतर ते सडणार. गळू फोडण्यासारखं. ही समजूत इतकी घट्ट आहे की तिच्यावर एक अख्खी पद्धत उभी राहिली. अग्निशमन दल आणि रुग्णवाहिकेवरच्या लोकांबरोबर काम केलेल्या जेफ्री मिचेल यांनी 1983 मध्ये टप्प्याटप्प्याचं डिब्रीफिंग मांडलं, म्हणजे घटनेनंतर लगेच घेतलेलं मोकळं बोलण्याचं सत्र. काय घडलं, तेव्हा मनात काय आलं, सगळ्यात वाईट क्षण कोणता, असं क्रमाने बोलत जायचं. मिचेल यांनी ते एका मोठ्या आधारव्यवस्थेचा एक भाग म्हणून मांडलं होतं. जगभरच्या कंपन्यांनी मात्र तेवढा एकच तुकडा उचलला, कारण तो एका दिवसात उरकतो.

मग त्याची तपासणी झाली. भाजून रुग्णालयात आलेल्या रुग्णांवरचा 1997 चा एक अभ्यास मी त्या रात्री एचआर-प्रमुखांना फोनवरच सांगितला. ज्यांचं डिब्रीफिंग केलं, त्यांच्यापैकी 26 टक्के लोकांना तेरा महिन्यांनी आघातोत्तर तणाव विकार, म्हणजे धक्क्याच्या आठवणी पुन्हा पुन्हा उसळत राहण्याचा आजार, होता. ज्यांना तसंच सोडलं, त्यांच्यात तो 9 टक्के लोकांना होता. पहिल्या गटातले लोक मुळात थोडे जास्त भाजलेले होते, त्यामुळे सगळा दोष डिब्रीफिंगवर टाकता येत नाही. पण 2002 मध्ये वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्याने असे बरेच अभ्यास एकत्र तपासले आणि सक्तीचं डिब्रीफिंग थांबवावं असा स्पष्ट निष्कर्ष काढला. हे अभ्यास बहुतेक एकेकट्या माणसांबरोबर केलेल्या सत्रांचे आहेत, गटांवरचा पुरावा तोकडा आहे, हेही मी सांगितलं. ज्याचा पुरावा तोकडा आहे ते सही घेऊन सक्तीने कशाला करायचं, एवढाच माझा मुद्दा होता.

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, "बरं, मग तुम्ही करणार काय?"

प्रश्न रास्त होता. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये मानसिक प्रथमोपचाराची एक मार्गदर्शिका काढली, तिचा सारांश तीन शब्दांत मावतो: पाहा, ऐका, जोडा. कोण सुरक्षित नाही, कुणाची तातडीची गरज आहे ते पाहायचं. जो बोलेल त्याचं ऐकायचं, जो बोलणार नाही त्याला टोकरायचं नाही. आणि माणसाला त्याच्या माणसांशी, माहितीशी, मदतीशी जोडून द्यायचं. ऐकायला फार साधं वाटतं, त्यामुळे विकायला कठीण जातं.

सकाळी गोदामात पोचले. सक्ती काढून टाकली होती, सहीचा कागदही गेला होता. विश्रांतीच्या खोलीत मी बसणार, ज्याला यायचं तो येईल, असं फलकावर लिहिलं होतं. पहिल्या तासात कुणीच आलं नाही. ते अपेक्षितच होतं. अशा वेळी खोलीत बसून राहणारा समुपदेशक खुर्चीचं भाडं भरत असतो, म्हणून मी उठून गोदामात हिंडायला लागले. पॅकिंगच्या टेबलांपाशी उभी राहिले. "अंत्यविधीला जायला सुट्टी मिळणार का," हा पहिला प्रश्न. "त्याच्या घरच्यांना पैसे मिळणार का," हा दुसरा. "ती गाडी परत इथेच चालवणार का," हा तिसरा. मनाबद्दल एकही प्रश्न नाही. मी ते लिहून घेतले आणि पर्यवेक्षकांना म्हटलं, दुपारच्या आत या तिन्हींची उत्तरं सगळ्यांसमोर द्या. जिथे उत्तर नसेल तिथे 'अजून ठरलेलं नाही, अमुक दिवशी सांगू' असं म्हणा. त्यांनी ते केलं. त्यानंतर खोलीकडे पावलं वळायला लागली.

समुपदेशन मानसशास्त्र या आमच्या शाखेबद्दल इथे थोडं सांगायला हवं. तिची एक मुळी रुग्णालयात नाही, रोजगारात आहे. फ्रँक पार्सन्स यांनी 1908 मध्ये बॉस्टनमध्ये तरुणांना योग्य काम निवडायला मदत करणारं केंद्र सुरू केलं, तिथपासून हा धागा निघतो. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून परतलेल्यांना शिक्षण, नोकरी, संसार यांत पुन्हा बसवायचं काम निघालं, तेव्हा हा व्यवसाय खरा आकाराला आला. म्हणून समोरच्या माणसाची कामाची पाळी कोणती, कंत्राट कुणाचं, साहेब कोण, हे विचारणं आम्हाला आडवळणाचं वाटत नाही.

दुपारी फोर्कलिफ्टचा चालक आला. त्याला घरीच थांबायला सांगितलं होतं, तरी तो स्वतःहून आलेला. चाळिशीचा, दणकट माणूस. बसल्या बसल्या उजव्या हाताचा अंगठा मांडीवर दाबत होता, एकाच जागी, पुन्हा पुन्हा. हॉर्नचं बटण तिथे असतं, हे मला नंतर कळलं.

"मॅडम, मी हॉर्न वाजवला होता ना?"

मी तिथे नव्हते, हे त्याला ठाऊक होतं. अशा वेळी 'तुमची काही चूक नाही हो' हे वाक्य जिभेच्या टोकावर येतं, आणि ते गिळावं लागतं. चौकशी चालू होती. चूक होती की नव्हती हे मला माहीत नव्हतं, आणि उद्या अहवालात उलटं निघालं तर माझ्या शब्दाला कवडीचीही किंमत राहिली नसती. मी म्हटलं, "ते मला सांगता येणार नाही. पण तुमचं डोकं ते दृश्य पुन्हा पुन्हा का लावतंय, ते सांगू शकते." मग झोप, दचकणं, कानात घुमणारा आवाज यांबद्दल बोललो. पहिल्या काही दिवसांत हे होणं म्हणजे वेड लागणं नव्हे. बहुतेकांचं आठवड्यागणिक कमी होत जातं. महिन्यानंतरही तसंच राहिलं तर मात्र उपचार घ्यायचे, आणि त्यावर चांगले उपचार आहेत. अपघाताचा तपशील मी विचारला नाही. तो सांगायला लागला तेव्हा एवढंच म्हटलं की इथली गोपनीयता मी पाळणार, पण चौकशीत काय बोलायचं ते आधी वकिलाशी किंवा युनियनच्या माणसाशी बोलून ठरवा. जीव द्यावासा वाटतोय का, हेही सरळ शब्दांत विचारलं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. तो म्हणाला, नाही, पण रात्री एकट्याने राहायची भीती वाटते. त्याने घरी काहीच सांगितलेलं नव्हतं. भावाला फोन त्याने माझ्यासमोरच लावला.

संध्याकाळी निघण्यापूर्वी मी कंपनीच्या यादीशी भेटलेल्यांचा ताळा करत होते. प्रत्यक्ष पाहणारे, मदतीला धावलेले, गेलेल्या कामगाराचे जवळचे मित्र, असे सगळे रकाने नीट भरलेले. सहज पर्यवेक्षकांना विचारलं, "फरशी कुणी धुतली?"

ते गडबडले. "सफाईवाल्या बाईंनी. पण त्या आपल्या नाहीत, ठेकेदाराच्या आहेत."

जे घडलं ते सगळ्यात जवळून, गुडघ्यांवर बसून, सगळ्यात जास्त वेळ जिने पाहिलं, ती बाई यादीतच नव्हती. यादी पगारपत्रकावरून काढलेली, तिचं नाव दुसऱ्याच्या हजेरीपटावर. यात कुणाचा दुष्टावा नव्हता, आणि मला राग आला तो त्याचाच.

त्या बाई मागच्या जिन्याखाली भेटल्या, तिथेच त्यांचं सामान असतं. पन्नाशीच्या असाव्यात. आधी म्हणाल्या, "मला काही झालं नाही, मी फक्त पुसलं." मी पायरीवर बसले. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "फिनेलचा वास आला की पोटात ढवळतं. आणि मॅडम, माझं कामच फिनेलचं."

समजूत घालण्यासारखं इथे काही नव्हतं. त्या कामाच्या जागेलाच घाबरल्या असत्या, तर काही दिवस तिथे न जाणं जमलं असतं. इथे भीती हातातल्या बादलीत होती. मी विचारलं, काय केलं तर उद्याचा दिवस निघेल? त्यांचं उत्तर तयार होतं. कुणी विचारलंच नव्हतं. काही दिवस वरच्या मजल्यावरची ऑफिसं द्या, तिथे साबणाच्या पाण्याने भागतं. मग हळूहळू खाली येईन, पण पहिल्या वेळी सोबत कुणीतरी हवं. कायमचं टाळत राहिलं तर भीती मुरते, आणि एका दमात ढकललं तरी मुरते. मधली वाट बाईंनी स्वतःच आखली होती. ठेकेदाराच्या मुकादमाला मी त्यांच्यादेखत फोन केला, त्यांनी जेवढं सांगायला परवानगी दिली तेवढंच सांगितलं.

जाताना एचआर-प्रमुखांनी थांबवलं. "अहवालात तेवढी नावं द्या, कोण फिट, कोण अनफिट." मी नाही म्हटलं. कामाला योग्य आहे की नाही याची तपासणी हे वेगळं काम आहे. ते दुसऱ्या तज्ज्ञाने करायचं, आणि समोरच्याला आधी सांगून करायचं की माझा अहवाल कंपनीला जाणार आहे. ज्याला सकाळी 'तुमचं बोलणं माझ्यापाशी राहील' म्हटलं, त्याचं नाव संध्याकाळी यादीत घातलं, तर पुढच्या अपघाताला त्या खोलीत कुणी पाऊल टाकणार नाही. मी नावं न देता शिफारशी दिल्या: रात्रपाळीत काही आठवडे एकट्याला ठेवू नका, चौकशीची माहिती ठरल्या दिवशी द्या, महिन्याने इच्छुकांची तपासणी करा, आणि आपत्कालीन आराखड्यात कंत्राटी कामगारांना धरा. त्यांना ते फारसं आवडलं नाही, पण सही केली.

महिन्याने परत गेले. बहुतेकांची झोप परतली होती. त्रास मोजायच्या प्रश्नावलीत चालकाचे गुण मात्र चढेच होते, म्हणजे त्रास उतरला नव्हता. आघातावरच्या उपचारात मुरलेल्या एका सहकाऱ्याकडे त्याला पाठवलं, कारण त्या उपचाराला लागणारं नेटाचं, नियमित काम कंपनीच्या आवारात होत नाही. त्या उपचारात घटनेबद्दल सविस्तर बोलणं येतंच, पण ते त्याच्या संमतीने, तयारीने आणि अनेक सत्रांत.

सफाईवाल्या बाईंना वाचता येत नव्हतं, म्हणून प्रश्न मी वाचून दाखवले. त्या पुन्हा खालच्या मजल्यावर आल्या होत्या. तक्रार एकच: अपघातानंतर दोन दिवस अंगात बळ नव्हतं म्हणून घरी राहिल्या, त्या दोन दिवसांचा पगार ठेकेदाराने कापला होता. मी कंपनीला लिहिलं, आणि पुढच्या पगारात ते पैसे आले. आराखड्यात कंत्राटी कामगार अजून आलेले नाहीत. त्याची बैठक पुढच्या महिन्यात ठेवली आहे, आणि मुकादमालाही बोलवा असं मी कळवलं आहे.