आमची वाटचाल: वायर, बॅटरी आणि एक जळालेला अल्टरनेटर

आमची फर्म बोटींच्या वायरिंगचं आणि बॅटऱ्यांचं काम करते. तिच्याबद्दल दोन गोष्टी अजूनही बोलल्या जातात. आम्ही महाग आहोत, ही एक. ती खरी आहे. आमच्या वायरिंगमुळे एका बोटीचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर चालून बॅटरी चार्ज करणारं जनित्र, जळाला, ही दुसरी. ती साफ खोटी आहे, आणि वाटचाल लिहायला बसलो तो तिच्यामुळेच.

सुरुवात दोघांनी केली, मी आणि माझा भागीदार. तो आधी बॅटऱ्यांच्या दुकानात कामाला होता आणि बॅटरीतल्या अॅसिडची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरशिवाय त्याचा कशावरही विश्वास नसायचा. मी मीटर लावून "12.5 व्होल्ट दाखवतोय, ठीक आहे" म्हटलं की तो म्हणायचा, "झाकणं उघड आधी." बॅटरीच्या सहा सेलपैकी (कप्प्यांपैकी) पाचांना 1.265 आणि सहाव्याला 1.150 घनता आली, की बॅटरी संपली. मीटर काहीही म्हणो, इंजिन मारताना, म्हणजे सुरू करताना, ती बसणारच.

माझं वेड वेगळं, क्रिम्पिंगचं, म्हणजे वायरीच्या टोकाला लग (धातूचं टोक) दाबून बसवण्याचं. फर्मच्या पहिल्या कमाईतून मी रॅचेटचा क्रिम्पर घेतला, तेव्हा भागीदार दोन दिवस बोलला नाही. पण ज्यांनी पक्कडीने दाबलेले लग पाहिलेत त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. पक्कड हाताच्या जोरावर चालते, आणि संध्याकाळी हात थकलेला असतो. रॅचेट पूर्ण दाब बसल्याशिवाय जबडा उघडतच नाही. त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवायची आणि दोन्ही टोकांना गोंदाची बारीक कड बाहेर दिसेपर्यंत गरम करायची. नुसत्या सोल्डरवर काम भागवणारे अजून आहेत. सोल्डर जिथे संपतं तिथे वायर काडीसारखी ताठ होते आणि इंजिनाच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते. वायरही कल्हई केलेल्या तांब्याची, बारीक तारांचीच हवी. साधी घरगुती वायर खारट हवेत टाकलीत, तर काही काळाने सोलून बघा. आत काळी पूड मिळते. हातभर मागे कापा, तिथेही काळीच.

काका, आमचं एक गिऱ्हाईक, भेटले ते याच काळात. जुनी मोटरबोट, स्वभाव तिरसट. बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी काढणारा बिल्ज पंप गुणगुणायचा, पण पाणी फेकायचा नाही. दोनदा पंप बदलून झाला होता आणि आता कोणीतरी मोठी बॅटरी घ्यायला सांगितलं होतं. मी पंप चालू ठेवून दोन ठिकाणी मीटर लावला. बॅटरीवर 12.6, पंपाच्या टोकाला 9.8. 2.8 व्होल्ट वाटेतच खर्च होत होते, काही बारीक वायरीत, काही गंजलेल्या जोडात. बिल्ज पंप, नेव्हिगेशनचे दिवे, रेडिओ यांना जाणारी आणि येणारी वायर धरून व्होल्टेजमध्ये 3 टक्क्यांच्या वर घट चालत नाही, म्हणजे 12 व्होल्टवर 0.36. केबिनच्या दिव्याला 10 टक्के चालून जातात. आम्ही वायर बदलली, पंप तोच ठेवला. पाण्याची धार बघून काका एवढंच म्हणाले, "म्हणजे दोन पंप फुकट गेले." तेव्हापासून त्यांच्या बोटीला दुसऱ्या कोणी हात लावलेला नाही.

मग बरीच वर्षं कामं येत गेली, होत गेली.

मग ते अल्टरनेटरचं प्रकरण. नाव घेत नाही, धंद्यातल्यांना माहीत आहे. अनेक बोटी असलेल्या एका मालकाचं वायरिंग आमच्याकडे होतं. त्याला धंद्यातल्याच एका गृहस्थांनी लिथियम बॅटऱ्या विकल्या. हलक्या असतात, खरं. शिशाची बॅटरी निम्मीच वापरावी, ही ऐंशी टक्के बिनधास्त वापरता येते, तेही खरं. पण त्यांनी ती जुन्या बॅटरीच्या जागी सरळ ठेवली आणि त्याच वायरी चढवल्या. लिथियमला अंतर्गत रोध फार कमी, त्यामुळे ती अल्टरनेटरकडून मिळेल तेवढा करंट तासन्‌तास खेचते. इंजिन सावकाश चालत असलं की पंख्याची हवा पुरत नाही आणि अल्टरनेटरचं वाइंडिंग (तारेची गुंडाळी) भाजतं. त्याहून वाईट म्हणजे आतल्या बीएमएसने, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटने, चार्जिंग चालू असताना अचानक बॅटरीची जोडणी तोडली, तर अल्टरनेटरचा करंट जाणार कुठे? व्होल्टेज उसळतं आणि अल्टरनेटरमधले डायोड उडतात. त्या बोटीत डायोडही गेले आणि चार्टप्लॉटरही (समुद्राचा नकाशा दाखवणारा पडदा).

दोष आमच्यावर आला, कारण आम्ही प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना लेबल लावतो आणि पॅनेलच्या आत फर्मचं नाव चिकटवतो. बॅटरीवर कोणाचंच नाव नव्हतं! मालकाने आमची बिलं अडवली. गृहस्थ धक्क्यावर सांगत सुटले. ठरलेली कामं एकेक करून रद्द झाली, हाताखालच्या मुलांना दुसरीकडे काम बघायला सांगावं लागलं. भागीदार म्हणाला, "मला हे भांडण जमणार नाही," आणि हायड्रोमीटर घेऊन गेला. तो हायड्रोमीटर फर्मच्या पैशातला होता, हे नोंदवून ठेवतो.

काकांनी त्याच महिन्यात अख्ख्या बोटीचं वायरिंग नव्याने करायला दिलं. गरज अर्धीच होती. पॅनेल उघडं ठेवायला लावलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवायचे, "बघा, हेच ते जाळणारे लोक."

शेवटी मालकासमोर तपासणी झाली. आमचा मेन फ्यूज शाबूत. चार्जिंगच्या वायरीत पूर्ण लोडवर घट 0.1 व्होल्ट. आणि बॅटरीच्या अॅपमध्ये बीएमएसने बॅटरीची जोडणी तोडल्याची नोंद. मालक "बरं" म्हणाला आणि बिलं चुकती केली. माफीचा शब्द नाही. कामं अजून त्या गृहस्थांकडेच जातात.

आता कोणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. इंजिन मारायला वेगळी बॅटरी ठेवा आणि बाकी सामानाला वेगळी. पहिलीचे क्रँकिंग अँपिअर (इंजिन मारायला मिळणारा करंट) बघा, दुसरीचे अँपिअर-अवर (साठवण). सीसीए (कोल्ड क्रँकिंग अँपिअर) हा आकडा उणे 18 अंश सेल्सिअसवरचा असतो, एमसीए (मरीन क्रँकिंग अँपिअर) 0 अंशांवरचा. त्यामुळे एकाच बॅटरीचा एमसीए मोठा दिसतो, फसू नका. 100 अँपिअर-अवरच्या शिशाच्या बॅटरीतून 50 धरा. 5 अँपिअरचा भार असेल तर रात्र कशीबशी निघेल. फ्यूज बॅटरीच्या जवळ हवा. अमेरिकेचं बोटींसाठीचं एबीवायसी मानक 7 इंच म्हणतं, आम्हीही तेच पाळतो. बिल्ज पंपाचा फ्लोट स्विच (पाणी चढलं की पंप आपोआप सुरू करणारा) मेन स्विचच्या आधी घ्या, स्वतःच्या फ्यूजसकट, नाहीतर बोट बंद करून घरी गेलात की पंपही बंद. इंजिन चालू असताना मेन स्विच कधीही ऑफवर नेऊ नका. पेट्रोल इंजिनाच्या कप्प्यात गाडीचा रिले (करंटवर चालणारा स्विच) बसवणाऱ्याला मी बोटीवरून खाली उतरवतो, तिथे ठिणगी बाहेर न पडणारेच भाग लागतात. आणि लिथियम घ्यायचीच असेल तर जरूर घ्या, पण इंजिनाची बॅटरी शिशाचीच ठेवा आणि मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर टाका, म्हणजे पहिल्या बॅटरीकडून मोजकाच करंट घेऊन दुसरी चार्ज करणारा.

ते गृहस्थही आता हा चार्जर बसवतात म्हणे, आणि गिऱ्हाइकांना सांगतात की आम्ही पहिल्यापासून असंच करतो.