दुखणं घोट्यात, हाड मोडलं गुडघ्याखाली

एक्स-रेसाठी माझ्याकडे आलेल्या चिठ्ठीवर एवढंच होतं : उजवा घोटा, एपी (समोरून), मॉर्टिस (पाय जरा आत वळवून), लॅटरल (बाजूनं). जिन्याची शेवटची पायरी चुकून ताईंचा पाय मुरगळला होता. घोट्याची आतली बाजू चांगलीच सुजलेली.

एपी आणि लॅटरल झाले. मॉर्टिससाठी पाय 15 ते 20 अंश आत वळवावा लागतो. बाहेरचा घोटा आतल्यापेक्षा थोडा मागे असतो, म्हणून दोन्ही घोटे प्लेटपासून सारख्या अंतरावर येईपर्यंत वळवायचं. तेव्हा कुठे टॅलसभोवतीची, म्हणजे घोट्याच्या सांध्यातल्या मधल्या हाडाभोवतीची, फट तिन्ही बाजूंनी मोकळी दिसते. शिकाऊ मुलं इथे हमखास पंजा धरून ओढतात. पंजा वळतो, घोटा जागचा हलत नाही, आणि फिल्ममध्ये बाहेरचं हाड टॅलसवर चढलेलं येतं. वळवायचा असतो अख्खा पाय.

म्हणून माझा एक हात टाचेखाली होता आणि दुसरा गुडघ्याच्या जरा खाली. वळवायला घेतलं तोच ताई कळवळल्या, "अहो, तिथे नको!"

मला वाटलं, घोटाच दुखला. "कुठे दुखलं?" त्यांनी माझ्या वरच्या हाताकडे बोट केलं. गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला नुसता स्पर्श केला तरी त्या श्वास रोखून धरत होत्या. घोट्याच्या ठणक्यापुढे हे दुखणं त्यांचं त्यांनाही जाणवलं नव्हतं.

मी हात काढला. त्यांना सोसेल तेवढाच पाय त्यांनाच वळवू दिला, आधाराला स्पंज लावला आणि फिल्म घेतली. घोट्यात फ्रॅक्चरची रेघ कुठेच नव्हती. पण आतला घोटा आणि टॅलस यांच्यामधली फट वरच्या फटीपेक्षा स्पष्ट रुंद होती. लगेच डॉक्टरांना फोन केला, "आतली फट रुंद दिसतेय, आणि गुडघ्याखाली बाहेरून हात लावू देत नाहीत. पूर्ण नडगीचा घेऊ का?" ते स्वतः आले, दाबून पाहिलं, चिठ्ठीत भर घातली.

दोन्ही सांधे एका फिल्ममध्ये यावेत म्हणून पाय 35 बाय 43 सेंटिमीटरच्या प्लेटवर तिरका ठेवला. फिब्युलाच्या, म्हणजे नडगीच्या बाहेरच्या बाजूच्या बारीक हाडाच्या, वरच्या टोकाशी तिरकी रेघ उमटली. मेझोनव्ह फ्रॅक्चर. 1840 मध्ये मेझोनव्ह नावाच्या फ्रेंच सर्जननं वर्णन केलेलं. पिळाचा जोर घोट्याच्या आतल्या बाजूचे बंध तोडतो, दोन हाडांमधला पडदा फाडत वर चढतो आणि थेट गुडघ्याजवळ फिब्युला मोडून बाहेर पडतो. साधी मुरगळ समजून सोडलं, तर घोट्याचा सांधा सैल राहतो.

बाहेर त्या दिवशी मोठी रांग होती. घाईत मीही पंजाच वळवला असता, तर ती कळ मला कळलीच नसती. हा विचार अजून जात नाही.

स्प्लिंट बांधून वॉर्डात नेताना ताई पुन्हा म्हणाल्या, "पण मी गुडघ्यावर पडलेच नव्हते हो." मी स्क्रीनवर घोट्यापासून वरपर्यंत बोट फिरवून त्यांना तो जोर कसा गेला ते दाखवलं.