वेल्श वही: क्रियाविशेषणं आणि शाळेतला तृतीय व्यंजन संधी

वेल्श (ब्रिटनमधल्या वेल्सची भाषा) शिकताना वर्तमानकाळ जरा अंगवळणी पडला की नुसतं ‘मी बोलतो’वर भागत नाही. ‘हळू बोलतो’, ‘बरं बोलतो’ म्हणावंसं वाटतं. म्हणून या खेपेला क्रियाविशेषणं घेतली. नियम दिसायला एका ओळीचा आहे: विशेषणाआधी ‘अन्’ लावा. ‘अरव’ म्हणजे संथ, ‘अन् अरव’ म्हणजे हळू. वेल्समधल्या रस्त्यांवर इंग्रजी ‘स्लो’च्या जोडीला रंगवलेलं असतं ते हेच अरव, फक्त तिथे ‘अन्’ गाळलेलं.

अरव स्वरापासून सुरू होतं, म्हणून सुटलं. काही व्यंजनं मात्र ‘अन्’पुढे रूप पालटतात. कव्लिम (वेगवान) चं अन् गव्लिम. तवेल (शांत) चं अन् दवेल. पेर्फाइथ (निर्दोष) चं अन् बेर्फाइथ. याला मृदू विकार म्हणू या. बहुतेक ठिकाणी याचा तक्ता देतात आणि पाठ करा म्हणतात. आपल्याला तक्त्याची गरजच नाही! क चा ग, त चा द, प चा ब, म्हणजे वर्गातलं पहिलं व्यंजन जाऊन तिसरं येतं. वाक् + ईश = वागीश, जगत् + ईश = जगदीश, अप् + ज = अब्ज. मार्कांसाठी घोकलेला तृतीय व्यंजन संधी इतक्या वर्षांनी कामाला आला.

फरक आहे, तो ध्यानात ठेवलेला बरा. संधी शेजारच्या आवाजामुळे होतो. वेल्शमध्ये आज हा बदल व्याकरण घडवतं, आवाज नव्हे. त्यामुळे कानावर विसंबून चालत नाही, आधी कोणता शब्द आहे आणि तो काय काम करतोय हे बघावं लागतं.

उरलेली अक्षरं वर्णमालेत बसत नाहीत, ती वेगळी लिहून ठेवलीत. ब आणि म दोघांचा व होतो: बिअन चं अन् विअन (लवकरच). ग चक्क गायब होतो: ग्वाएल (वाईट) चं अन् वाएल. द चा होतो तो, इंग्रज ‘धिस’ म्हणताना जीभ दातांत धरतात तसला आवाज. देवनागरीत दोन्ही द सारखेच दिसतात, म्हणून मी वहीत टिंब देतो: दा (चांगला), अन् द़ा (चांगलं, नीट). ‘कृपया’साठीच्या ‘ओस ग्वेलुख अन् द़ा’ मध्ये हेच बसलंय. पहिल्या धड्यात सगळे पोपटासारखं म्हणतात आणि आत क्रियाविशेषण आहे हे कुणाच्या गावीही नसतं. एरवी मृदू विकार होणारी दोन अक्षरं मात्र या ‘अन्’ला दाद देत नाहीत: दोन एलचा फुंकर मारलेला ल, आणि र्‍ह. र्‍हाद (स्वस्त) चं अन् र्‍हाद, बस्स.

आता खरी मेख. ‘अन्’ एक नाही, तीन आहेत. क्रियापदाआधीचा काहीच बदलत नाही. क्रियाविशेषणाचा मृदू विकार करतो. आणि ‘मध्ये’ या अर्थाचा नाकात नेतो. तिन्ही एका वाक्यात बसवून पाहिले:

दुइन कनिन गव्लिम अङ् ङ्हाइर्दीद़.

मी कार्डिफमध्ये भरभर गातो. अर्थाला मारा गोळी, पण तिन्हीकडे मूळ अक्षर क आहे ते बघा. कनी (गाणं) मध्ये जसाच्या तसा, कव्लिमचं गव्लिम, आणि काइर्दीद़ (कार्डिफ) चं ङ्हाइर्दीद़. (दुइन आणि कनिन यांच्या शेवटचा न म्हणजे स्वरानंतर आखडलेला अन्.) तिसरा बदल म्हणजे आपला अनुनासिक संधी, वाक् + मय = वाङ्मय, वर थोडा ह. पोंतप्रीद़ गावात म्हणायचं तर ‘अम् म्होंतप्रीद़’. इंग्रजी भाषक इथे अडखळतात असं ऐकतो. म्हैस आणि न्हाणीघर म्हणत वाढलेल्यांना कसलं आलंय अवघड.

‘अन्’ न लागणाऱ्यांपैकी काळाची सोपी आहेत: हेद़िउ आज, द़ोइ काल, वोरी उद्या. आपला ‘परवा’ दोन्ही दिशांना चालतो, यांच्याकडे मागच्या आणि पुढच्या परवाला निरनिराळे शब्द. ‘घरी’चंही तेच. घरी जातो तेव्हा अद्रेव, घरी आहे तेव्हा गार्त्रेव.

घाम फोडला तो ‘कधीच नाही’नं. सवयीबद्दल किंवा पुढच्याबद्दल बोलताना बिथ, आजवरच्या अनुभवाबद्दल एरिओइद. मी कॉफी कधीच पीत नाही: बिथ. मी वेल्सला कधीच गेलेलो नाही: एरिओइद. मराठीत क्रियापद तो भेद सांभाळतं, म्हणून शब्द निवडताना जीभ थांबते. सध्या रोज दोन्हींची चार-चार वाक्यं स्वतःबद्दलची, खरी, मोठ्यानं म्हणतोय. खोटी वाक्यं टिकत नाहीत डोक्यात.

एक निर्णय लांबलाय. ‘आत्ता’ला दक्षिण वेल्समध्ये नाउर (nawr), उत्तरेत रूअन (rŵan), रोमन लिपीत लिहिताना एक दुसऱ्याचं उलटं. ‘बाहेर’ दक्षिणेत मास, उत्तरेत अल्हान. अभ्यासक्रमही दोन्ही बोलींचे वेगळे मिळतात. मी दक्षिणेकडे झुकलोय, कारण माझ्या कानावर पडणारं बरंचसं तिकडचं आहे. उत्तर धरलेलं कुणी असेल तर ऐकायला काय वापरता ते कळवा. पुढच्या नोंदीत तुलना: अन् वेल्ह (अधिक चांगलं) आणि अन् वाइथ (अधिक वाईट). दोन्हींतला ग आधीच पळालाय.