खारी, चिकन आणि छत्रीवाले काका

खारी आमच्याकडे आली २०२० च्या एप्रिलमध्ये, कडक लॉकडाऊन चालू असताना. सोसायटीच्या जनरेटरखाली एकटीच कुईंकुईं करत बसलेली, दीडेक महिन्याची असेल, रंग अगदी बेकरीतल्या खारीचा म्हणून नाव खारी. तेव्हा आम्हाला कुठे माहीत होतं की कुत्र्याच्या पिल्लाचा तिसऱ्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ किती महत्त्वाचा असतो ते. त्या काळात जे बघितलं, हुंगलं, ऐकलं ते आपलं, आणि त्यानंतर जे समोर येईल ते आधी संशयित. आता खारीने त्या दोन महिन्यांत बघितलं काय, तर मी, नवरा, सासूबाई आणि दारात पिशवी ठेवून पळणारा एक मास्कवाला. संपलं जग.

पहिलं वर्ष गोड गेलं. मग रस्ते पुन्हा भरले, लोकांनी मास्क काढले आणि बाईसाहेब सोळा किलोच्या झाल्या. आणि भुंकायला लागल्या. कोथरूडात सकाळी फिरायला निघायचं म्हणजे काय गर्दी असते हे इथल्यांना सांगायला नको, दूधवाले, पेपरवाले, टेकडीला निघालेले ज्येष्ठ नागरिक, आणि खारी प्रत्येकावर मागच्या दोन पायांवर उभी राहून भुंकणार. पावसाळ्यात एकदा एका काकांनी आमच्या अगदी शेजारी येऊन फाटकन छत्री उघडली, ही उसळली, काका दचकले आणि हातातली दुधाची पिशवी पडून फुटली. "सांभाळता येत नाही तर पाळता कशाला?" हे मी ऐकून घेतलं, कारण उत्तरच नव्हतं. दुसरी पिशवी आणून दिली तर ती पण घेतली नाही त्यांनी.

मग एक ट्रेनर लावला. त्याने चोक चेन, म्हणजे ओढली की गळ्याभोवती आवळणारी साखळी, घालायला लावली, भुंकली की झटका. पहिले चार दिवस वाटलं काय जादू आहे, आणि पंधरा दिवसांत प्रकरण हाताबाहेर, आता ती माणूस लांब दिसला तरी सुरू व्हायची. नंतर डोक्यात प्रकाश पडला, की तिच्या बाजूने हिशोब एकदम सरळ आहे: माणूस दिसला की मान दुखते, म्हणजे माणूस वाईटच. आधी नुसता संशय होता, आम्ही पैसे देऊन तिला पुरावा आणून दिला. (त्या चेनचा आता गॅलरीत झोपाळ्याच्या कडीला उपयोग होतो.)

मग दुसऱ्या ट्रेनर भेटल्या, एक बाई, त्यांनी पहिल्या दिवशी खारीला हातसुद्धा लावला नाही. लांब उभ्या राहून नुसतं बघत होत्या, आणि मला म्हणाल्या, ती चिडत नाहीये, घाबरतीये, "लांब हो" एवढंच सांगतीये. आणि तुम्ही माणूस दिसला की पट्टा आवळता. खरंच की! मला समोरून कोणी येताना दिसलं की माझाच हात आपोआप पट्ट्याला दोन वेढे द्यायचा, आणि तिला त्या पट्ट्यातून तार यायची की आता काहीतरी भयंकर येतंय.

तर गळ्यातलं काढून छातीवरून जाणारा हार्नेस आला, सहा फुटाचा साधा पट्टा आला, आणि कमरेला एक पाउच. पाउचमध्ये काय, यावरून घरात महाभारत झालं. सासूबाई शुद्ध शाकाहारी, म्हणून आधी पनीर. घरात पनीरसाठी ही शीर्षासन करेल पण रस्त्यावर ढुंकून बघायची नाही. शेवटी गॅलरीत वेगळ्या इंडक्शनवर वेगळ्या भांड्यात चिकन उकडायची परवानगी मिळाली, वाटाण्याएवढे तुकडे करून डब्यात. त्या डब्यावर सासूबाईंनी लाल रंगाने मोठ्ठी फुली मारून ठेवलीये.

प्रकार तसा सोपा आहे पण क्रम चुकला की सगळं मुसळ केरात. आधी तिला माणूस दिसला पाहिजे, मग लगेच, सेकंदाभरात, चिकन. माणूस गेला की चिकन बंद. मी सुरुवातीला उलटं करायचे, माणूस येताना मलाच आधी दिसला की घाईने चिकन पुढे करायचे, तर ही चिकन बघूनच इकडेतिकडे शोधायला लागली की कुठाय तो माणूस! नवरा म्हणाला शाळेत पावलोव्हची घंटा शिकलो ती हीच ना, घंटा आधी, जेवण नंतर. हो हीच. त्या पावलोव्हला १९०४ मध्ये नोबेल मिळालं ते पचनसंस्थेवरच्या कामासाठी, तेव्हा पोटातून डोक्यात जायचा रस्ता जुनाच आहे म्हणायचा.

आणि अंतर. खरं औषध हेच, चिकन नुसतं अनुपान. ज्या अंतरावर तिला माणूस दिसतो पण अजून डोकं ताळ्यावर असतं, तिथेच काम करायचं, त्याला थ्रेशोल्ड म्हणतात, आमच्या घरी लक्ष्मणरेषा. ओळखायची कशी तर ती खात असेल तर आपण रेषेच्या अलीकडे, तोंडाशी धरलेलं चिकनही दिसत नसेल तर गेलो पलीकडे, तिथे काही शिकवायला जायचं नाही, गुमान "चल फिरू" म्हणून उलटं वळायचं. खारीची रेषा पहिल्या आठवड्यात रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत होती. आम्ही पार्क केलेल्या टू-व्हीलर मोजायचो, आज नऊ गाड्यांवरून बघितला आणि भुंकली नाही, आज सात. आणि भुंकायच्या आधी ती बरंच काही बोलते हे मला पहिल्यांदा दिसलं: उघडं तोंड टपकन बंद होतं, नाकावरून जीभ फिरते, उगाच जांभई, मग वजन पुढच्या पायांवर. गुरगुरली तर ओरडायचं नाही हेही तेव्हाच कळलं, कारण ती धोक्याची सूचना आहे, ती बंद पाडली तर उद्या सूचना न देताच दात लागतील.

एखादा दिवस वाईट गेला, म्हणजे सकाळी फटाके, मग लिफ्टमध्ये अचानक कोणीतरी, तर पुढचे दोन दिवस सुट्टी. ताण एकावर एक साचतो आणि तिसऱ्या बिचाऱ्या माणसावर निघतो (माझंही ऑफिसातून आल्यावर तेच होतं). दिवाळीत तर पूर्ण आठवडा आम्ही पहाटे पाचला नुसतं हुंगायला टेकडीवर. मोर ओरडतात तिथे, मोरांशी तिचं काही वाकडं नाही.

खारी शिकेल हो, माणसांचं काय करायचं? "आम्हाला कुत्री खूप आवडतात" म्हणत थेट डोक्यावर हात आणणारे लोक सगळ्यात अवघड. मी नको म्हटलं तरी "काही नाही करत, मला कळतं कुत्र्यांचं". लहान मुलं त्यामानाने फार शहाणी, लांबूनच विचारतात "काकू, चावते का?", मी सांगते, अजून शिकतीये, तिच्याकडे बघू नका आणि पळू नका, आणि ती खरंच पुतळा होऊन उभी राहतात. मधे तिला तोंडाला जाळीची सवय लावली, हळूहळू, जाळीतूनच चिकन भरवून. त्याचा खरा फायदा असा झाला की हात लावायला येणारे आपोआप रस्ता ओलांडायला लागले.

दीड वर्ष लागलं. तिला माणसं आवडायला लागली का, तर नाही. मला आधी वाटायचं तिने सगळ्यांपुढे शेपटी हलवावी, आता वाटतं कशाला, दुपारी एकच्या ठोक्याला गिऱ्हाईक आलं तर पुण्यातला दुकानदार जसा बघतो तसं बघितलं आणि सोडून दिलं तरी पुष्कळ. हेल्मेट घालून चालत येणारा डिलिव्हरीवाला अजूनही तिला मंजूर नाही. त्याच्यासाठी अजून पाच गाड्या.

परवा ते छत्रीवाले काका कट्ट्यावर बसले होते, छत्री मिटून शेजारी. दोन गाड्यांचं अंतर, मागे टेम्पो, वळायला जागा नाही. मी हात सैल सोडला, मुद्दाम. खारीने त्यांच्याकडे बघितलं, तोंड बंद झालं, एक कान फिरला, आणि मग मान वळवून माझ्याकडे बघितलं, दिसला माणूस, आण चिकन. काकांनी पेपर खाली केला, तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "काय हो, आज बरी नाहीये का ही?"

मला इतकं हसू आलं की चिकन द्यायचंच राहिलं, शेवटी तिनेच नाकाने पाउचला ढुशी दिली.