सोडलंस तर

निनाद काही वाईट बोलला नाही हे आधी लिहून ठेवते, नाहीतर उद्या वाचताना मलाच वाटेल की भांडण झालं होतं. त्या दिवशी पोहे खाता खाता म्हणाला, "यूज्ड घे ना, सोडलंस तर परत तेवढ्यालाच जाईल" आणि पुन्हा मोबाईलमध्ये डोकं घातलं. एवढंच. हिशोब म्हणून वाक्यात काही चूक नाही. नवा डिजिटल पियानो, यामाहा पी-१४५, घ्यायचा तर दुकानवाल्याने ४५ हजार सांगितलेत, स्टँड आणि स्टूल वेगळं, म्हणजे पन्नासच्या वर गेलेच. त्याच्या आधीचं मॉडेल पी-४५, ते वापरलेलं २४-२५ ला मिळतंय. नवा खोक्यातून काढला की त्याच दिवशी किंमत पडते, वापरलेल्याची जी पडायची ती आधीच कुणाच्या तरी खिशातून पडलेली असते. कळतं मला. बँकेत २० वर्षं काढली आहेत मी, घसारा मला शिकवू नका.

पण मग "सोडलंस तर" तेव्हापासून डोक्यात का फिरतंय.

त्याच संध्याकाळी राधाताईचा फोन आला, तिला सांगितलं तर तीपण तेच म्हणाली, तिच्या पद्धतीने, "अगं आधी जुनाच बघ, मन रमतंय का बघ, मग नवा घे की." मन रमतंय का. नर्सरीत घालतायत जणू मला. तिला काय बोलणार, तिच्या सगळ्या गोष्टी आयुष्यभर नव्या कोऱ्या आल्या, जाऊ दे, तो विषय नको.

मला राग नक्की कशाचा येतोय ते नीट लिहून काढायचं म्हणून बसलेय. जुनी वस्तू घेण्याचा कमीपणा वाटतो का? तर नाही. नानांची पेटी सेकंडहँड होती, बहुतेक थर्डहँडच. पेटीच्या बाबतीत उलट जुनी म्हटली की लोक कान टवकारतात, जर्मन सूर, म्हणजे आतल्या पितळेच्या पट्ट्या, आहेत का, पॅरिसचे आहेत का विचारतात, नवी पेटी घेतली तरी कुठल्यातरी जुन्या पेटीतले सूर काढून तिच्यात बसवून घेणारे लोक आहेत. नाना तर गुजरातेतल्या पालिताणाच्या सुरांकडे बघायचेही नाहीत, त्यात त्यांचा थोडा आगाऊपणाही होता म्हणा. पण ती पेटी घरी आली तेव्हा आजी त्यांना "सोडलीत तर विकता येईल" असं म्हणाली असेल का? विचार करूनच हसू येतंय.

डिजिटलचं मात्र तसं नाही हेही मान्य. चिपमध्ये रेकॉर्ड करून ठेवलेला आवाज पिकतबिकत नाही. २०१५ सालच्या पी-४५ मधून जो आवाज तेव्हा आला तोच आज येणार, तारा नाहीत त्यामुळे सूर उतरायचा प्रश्न नाही, मुंबईच्या दमट हवेत गंजायचा नाही. म्हातारं होतं ते रबर. प्रत्येक कीच्या खाली रबराची पट्टी असते, तिच्या पोटात कार्बनचे काळे ठिपके, की दाबली की ते एकापाठोपाठ एक खालच्या सर्किटला टेकतात आणि दोघांच्या मध्ये किती वेळ गेला त्यावरून त्या यंत्राला कळतं की बाईने हळू दाबलं की जोरात. तिथे धूळ बसली की हिशोब चुकतो आणि हळू दाबलेली की बोंबलते. हे मला एका रिपेअरवाल्याने फोनवर समजावून सांगितलं, अर्धा तास, फुकट. आणि एकदाही विचारलं नाही की कुणासाठी घेताय.

दुकानात विचारलं होतं. "मुलासाठी की मुलीसाठी मॅडम?" मी म्हटलं माझ्यासाठी. तर तो लगेच रोलंडच्या एफपी-१० या ८८ कीजच्या पियानोवरून मला हलवून ६१ कीजच्या साध्या कीबोर्डकडे घेऊन गेला, त्याच्यात तबल्याचे ताल पण आहेत म्हणे. म्हणजे स्वस्तात सोडता येईल असं काहीतरी. सगळ्यांना माझ्या चेहऱ्यावर काय दिसतं देव जाणे.

आणि मला ६१ नकोतच. लहानपणापासून डाव्या हाताने भाता मारला, बस. उजव्याने गायचं, मुरकायचं, कौतुक करून घ्यायचं आणि डाव्याने हवा भरायची. मला डावा हात वाजवायला शिकवायचाय, खालच्या पट्टीतल्या त्या जड कीज दाबायच्यात. त्या खरंच जड असतात, खर्जाकडे जड आणि वर जाताना हलक्या होत जातात, खऱ्या पियानोत असतात तशा. दुकानात डावा हात तिकडे ठेवला तर करंगळीने की धड खाली जाईना. निनादला मी हे सगळं एकदा सांगितलं होतं. त्याला वाटलं मी व्यायामाबद्दल बोलतेय.

असो. रविवारी मुलुंडला एक बघून आले. पी-४५ च. त्याआधी जाहिराती वाचून वाचून डोळे गेले, सगळ्यांचे पियानो "क्वचित वापरलेले", "जागेअभावी विकणे", "अगदी नव्यासारखा", लग्नाच्या जाहिरातीत घटस्फोटितांचं जसं कारण कधी लिहिलेलं नसतं तसं. कुणीही लिहीत नाही की बाबा घेतला आणि सोडला. पण सगळ्यांनी सोडलेलाच असतो, नाहीतर बाजारात आला कुठून? "क्वचित वापरलेला" हीच तर तक्रार आहे!

मुलुंडच्या ताईंनी पियानोवरची चादर काढली आणि पहिलं दिसलं ते स्टिकर. मधल्या दोन सप्तकांवर सी डी ई एफ चिकटवलेले, काही निघालेले, निघाले तिथे डिंकाचे चौकोन, त्यात धूळ धरून काळे झालेले. त्या दोन सप्तकांच्या पलीकडे दोन्ही बाजूंना कीज अशा चकचकीत की हात लागलाच नसावा. कुठवर शिकून झालं होतं ते वाचता येत होतं. मी रिपेअरवाल्याने सांगितलं होतं तसं खालून सुरुवात केली, प्रत्येक की एकदा अगदी हळू, एकदा जोरात, ८८ च्या ८८. त्या ताई आधी उभ्या होत्या, मग बसल्या, मग चहा टाकला. मधल्या सी च्या वरचा एफ शार्प बोंबलला. कितीही हळू दाबा, खेकसणारच. पेडल ठीक. हेडफोनचं भोक जुन्या पद्धतीचं जाड, कन्व्हर्टर लागेल. ॲडॅप्टर सापडत नव्हता, दुसऱ्याच कशाचा तरी लावला होता. बिल नाही, म्हणजे वॉरंटीचा विषयच संपला, तशीही ती संपलेलीच असणार. स्टँड तो एक्ससारखा घडीचा, जरा जोर दिला की सगळं डुलतं.

चहा घेताना म्हणाल्या, "तुम्ही स्वतः शिकणार ना? पोरांसाठी येतात ते एवढं बघत नाहीत, टेंपोचं विचारतात." मग आपणहूनच सगळं सांगितलं. आधी तो त्यांच्या जावेच्या मुलीचा होता, दहावी आली आणि तिने सोडला. मग यांच्याकडे आला, मुलाने क्रिकेटसाठी सोडला. "मग मी पण बसले थोडे दिवस."

मी विचारलं, मग?

"कंटाळा आला," त्या म्हणाल्या आणि खारी पुढे केली.

कंटाळा आला! चेहऱ्यावर काही नाही. ना जबाबदाऱ्या, ना वेळच मिळाला नाही, ना मला मूळ आवडच नव्हती वगैरे. मी एवढे दिवस ते "सोडलंस तर" अंगावर पांघरून फिरतेय आणि या बाई सोडल्याचं कारण खारीबरोबर देतायत. मला इतकं हसू आलं की चहा सांडता सांडता राहिला, त्यांना वाटलं खारी शिळी आहे.

येताना रिक्षात विचार करत होते की तीन जणींनी, म्हणजे दोन बायका आणि एक मुलगा, सोडलेला पियानो घरी आणायचा म्हणजे एक मोठी सोय आहे. मी चिकाटीने शिकले तर त्या पियानोच्या आयुष्यात पहिलीच. आणि सोडला तर घराण्याची परंपरा तेवढी चालू राहील. नव्याचं तसं नाही. नव्यावर पहिलीच मी, सोडला तर सोडणारी पण पहिलीच मी, आणि निनाद काही बोलणार नाही, तो येता जाता फक्त त्याच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवेल. ते मला जास्त लागेल.

त्यामुळे यूज्डच घेतेय. म्हणजे शेवटी निनाद म्हणाला तेच. पण तो म्हणाला त्या कारणासाठी नाही, हे त्याला पटवायच्या भानगडीत मी पडणार नाहीये, एकदा पडले होते तर व्यायामावर गेलं होतं.

रिपेअरवाला म्हणाला ती रबराची पट्टी काढून साफ करून बघू, नाहीतर नवी टाकू, मोठं काम नाही. साडेअकरा किलोचा आहे, उचलायचा प्रश्न नाही, पण जवळजवळ साडेचार फूट लांब, रिक्षात आडवा मावणार नाही, तेव्हा टेंपोच. ताई २४ म्हणत होत्या, मी एफ शार्पच्या नावाने २० म्हटलं, आज मेसेज आला की ॲडॅप्टर माळ्यावर सापडला, २१ ला देते पण स्टँड नेलाच पाहिजे, घरात अडगळ झालीय. तो डुलणारा स्टँड मला फुकटही नकोय. स्टँड मी नवा घेणार आहे, चार पायांचा, लाकडी, त्याचे पूर्ण पैसे मोजून. २१ ला स्टँडशिवाय द्या म्हणून कळवलंय, अजून ब्लू टिक नाही.