उद्या ब्रॅडबी

रात्रीचे साडेदहा वाजलेत आणि अंगणातून अजून धप्प धप्प ऐकू येतंय. लेक रग्बीच्या संघात हूकर आहे, चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला की लाइनआउटला तो परत आत त्यालाच फेकायचा असतो. भिंतीवर खडूने फुली काढलीय, नेमका तिथेच मारतोय.

"झोप रे आता."

"आई, शेवटचे दहा."

उद्या कँडीला कोलंबोचं रॉयल विरुद्ध कँडीचं ट्रिनिटी. १९४५ पासून ब्रॅडबी शील्डसाठी श्रीलंकेतल्या ह्या दोन शाळा झुंजतात, एक सामना कोलंबोत, एक कँडीत. दोन्हींच्या गुणांची बेरीज करून शील्ड कोणाची ते ठरतं. पहिल्या सामन्यात आमची रॉयलची पोरं मागे पडली, म्हणजे उद्या नुसतं जिंकून भागायचं नाही. ट्रायचे, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवण्याचे, पाच गुण तर हवेतच, पण त्यानंतरच्या किकचे दोनही सोन्याचे.

मी कबड्डी बघत वाढले, तरी दोन्हीकडची पोरं डोकी खाली घालून खांद्यांनी रेटतात तो पहिला स्क्रम पाहिला तेव्हा डोळे गच्च मिटले होते. आता रोज रात्री त्याच्या खरचटलेल्या कानांना खोबरेल लावते. डावा कान जरा जाडच झालाय.

दाराशी बॅग तयार आहे. बुटांच्या खिळ्यांतली माती त्याने खराट्याच्या काडीने एकेक करून काढली. निळा-सोनेरी झेंडा मी इस्त्री करून ठेवलाय. पहाटे पाचला निघायचंय.

धप्प. अजून एक.